वाऱ्याने उपसलेली जमीन : इंग्लंडच्या फेन प्रदेशातील पवनचक्क्या

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर ‘वॉश’ नावाचे एक उथळ, चौकोनी आखात जमिनीत शिरलेले आहे. विदम, वेलंड, नीन आणि ग्रेट ऊझ या चार नद्या त्यात येऊन मिळतात, आणि मिळण्यापूर्वी त्या ज्या सखल मैदानातून संथपणे वाहत येतात त्याला फेन प्रदेश म्हणतात. केंब्रिजशायर, लिंकनशायर आणि नॉरफोक या परगण्यांत मिळून सुमारे दीड हजार चौरस मैल पसरलेले हे मैदान आज इंग्लंडमधील अत्यंत सुपीक शेतजमिनींत गणले जाते. गहू, बटाटे, बीट आणि भाजीपाला यांची काळ्या मातीतली, पट्टी लावून आखल्यासारखी शेते क्षितिजापर्यंत पसरलेली दिसतात, आणि त्यांच्या मधून जाणाऱ्या नद्या शेतांपेक्षा वरच्या पातळीवरून, उंच बांधांच्या आतून वाहतात. नदी वर आणि शेत खाली ही उलटी मांडणी निसर्गाची नाही. ती तीनशेहून अधिक वर्षांच्या उपशाने घडलेली आहे, आणि या काळाच्या पहिल्या जवळपास दीडशे वर्षांत तो उपसा जवळजवळ सर्वस्वी वाऱ्यावर चालत होता. नदीकाठच्या ज्या शेकडो पवनचक्क्यांनी तो केला त्या आज जागेवर राहिलेल्या नाहीत.

वाफेचे इंजिन आले आणि पवनचक्क्या गेल्या, असे या अस्ताचे कारण बहुधा एका वाक्यात सांगितले जाते. ते खोटे नाही, पण त्यात अर्धीच गोष्ट येते. इंजिन येण्याच्या कितीतरी आधीपासून फेन प्रदेशातील पवनचक्की अपुरी पडू लागली होती, आणि ती अपुरी पडत होती याचे मुख्य कारण तिने आपले काम चोख केले होते हेच होते. हे विधान विरोधाभासाच्या हौसेने केलेले वाटू नये, यासाठी या प्रदेशाच्या मातीपासून सुरुवात करणे आवश्यक आहे.

फेन प्रदेशाचे दोन भाग पडतात. समुद्राकडचा पट्टा भरतीच्या पाण्याने आणून टाकलेल्या गाळाचा आहे. तो थोडा उंच आणि घट्ट असून तेथे मध्ययुगापासून गावे आणि शेती आहे. त्याच्या आतला, दक्षिणेकडे केंब्रिजपर्यंत जाणारा भाग मात्र पीटचा आहे. पीट म्हणजे पाण्याखाली हवेच्या अभावी अर्धवटच कुजलेल्या लव्हाळे, बोरू, शेवाळ आदी वनस्पतींचा हजारो वर्षांत साचलेला थर. ओल्या पीटमध्ये वजनाचा फार मोठा भाग निव्वळ पाण्याचा असतो. या काळ्या, भुसभुशीत दलदलीतून चिकणमातीचे आणि खडीचे काही उंचवटे बेटांसारखे वर येतात. एली, मार्च, चॅटरिस, व्हिटलसी ही गावे अशा बेटांवर वसलेली आहेत, आणि एलीचे प्रचंड कॅथेड्रल मैलोगणती दुरून दिसते ते त्यामुळेच. हिवाळ्यात सगळे मैदान पाण्याखाली जाई, उन्हाळ्यात काही भाग उघडा पडून त्यावर उत्तम गवत येई. तेथील रहिवासी मासे आणि ईल पकडत, रानबदके मारत, छपरांसाठी लव्हाळे कापत, जळणासाठी पीटच्या विटा काढत आणि सामायिक कुरणांवर गुरे चारत. हिवतापाने ते बेजार असत आणि त्यावर उपाय म्हणून परसात अफूची झाडे लावून त्यांच्या बोंडांचा काढा पीत, ही गोष्टही खरी आहे. पण ही पडीक जमीन नव्हती. ज्यांना ती पडीक वाटली ते बहुतेक लोक बाहेरून आले होते आणि त्यांच्याजवळ भांडवल होते.

१६३० ते ३१ च्या हिवाळ्यात किंग्ज लिन येथे झालेल्या करारानुसार बेडफर्डचा चौथा अर्ल फ्रान्सिस रसेल याने दक्षिणेकडील फेन कोरडा करण्याची जबाबदारी घेतली. त्याच्यासोबत तेरा भागीदार होते. आपले भांडवल धोक्यात घालणारे म्हणून त्यांना ‘अ‍ॅडव्हेंचरर’ म्हटले जाई, आणि काम पुरे झाल्यावर त्यांना मोबदला म्हणून ९५,००० एकर जमीन मिळायची होती. कामाची आखणी कॉर्नेलियस व्हर्माउडेन या झीलंड प्रांतातील डच अभियंत्याने केली. नागमोडी ऊझ नदीतून पाणी समुद्राला पोहोचण्यास वेळ लागतो, म्हणून तिला फाटा देऊन एक सरळ कालवा काढावा, म्हणजे उतार वाढेल, वेग वाढेल आणि पाणी आपले आपण निघून जाईल, ही त्याची मूळ कल्पना होती. १६३७ पर्यंत एकवीस मैल लांबीची आणि सत्तर फूट रुंदीची ‘ओल्ड बेडफर्ड रिव्हर’ खोदून झाली. नंतरच्या यादवी युद्धात काम थांबले. १६४९ च्या कायद्याने ते पुन्हा सुरू झाले तेव्हा पहिल्या कालव्याला समांतर शंभर फूट रुंदीचा दुसरा कालवा काढण्यात आला, आणि ऊझवर डेन्व्हर येथे भरती अडवणारे दरवाजे बसवण्यात आले. खोदकामाला डनबारच्या लढाईत सापडलेले स्कॉटिश कैदी आणि पुढे डच युद्धकैदी जुंपलेले होते. कुरणे आणि मासेमारीचे हक्क गमावलेल्या स्थानिकांनी बांध फोडले, चर बुजवले. तरीही १६५० च्या दशकाच्या आरंभी काम पूर्ण झाल्याचे जाहीर होऊन एलीच्या कॅथेड्रलमध्ये आभारप्रार्थना झाली.

डेन्व्हरच्या दरवाजांचे तत्त्व गोव्यातील आणि कोकणातील खाजण शेती पाहिलेल्या वाचकाला परके वाटणार नाही. खाजणाच्या बांधात बसवलेल्या ‘मानसी’चे लाकडी दार भरतीच्या दाबाने मिटते आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते; डेन्व्हरला हेच फार मोठ्या मापात केलेले होते. या व्यवस्थेची एकच अट असते, ती म्हणजे आतली जमीन ओहोटीच्या पातळीपेक्षा वर असली पाहिजे. सतराव्या शतकाच्या मध्यात फेनमधील बहुतेक जमीन ती अट पाळत होती, त्यामुळे व्हर्माउडेनने उताराच्या बळावर विसंबणे तेव्हाच्या मोजमापांच्या दृष्टीने चुकीचे नव्हते. हॉलंडमध्ये १६१२ साली कोरड्या केलेल्या बेमस्टर सरोवरासाठी त्रेचाळीस पवनचक्क्या लागल्या होत्या. तेथे सरोवराचा तळ आसपासच्या पाण्यापेक्षा खाली आहे हे सुरुवातीपासूनच उघड असल्याने उपशाशिवाय दुसरा मार्गच नव्हता. फेनमध्ये मात्र जमीन आज जेथे आहे तेथेच राहील असे सर्वांनी धरून चालले होते.

ती राहिली नाही. पीटमधले पाणी निघाले की पीट आकसतो, ही पहिली पायरी. पाण्याच्या जागी हवा शिरली की इतकी शतके थांबलेली कुजण्याची क्रिया पुन्हा सुरू होते आणि जमीन अक्षरशः वायुरूपाने उडून जाते, ही दुसरी. त्यावर माणसाने आपली भर घातली. लागवडीसाठी पीटचा वरचा थर खरवडून जाळायचा आणि राखेत तेलबियांचे किंवा ओटचे पीक घ्यायचे, अशी पद्धत रूढ झाली. पहिल्या वर्षी पीक भरघोस येई आणि प्रत्येक जाळणीबरोबर शेत आणखी खाली जाई. कोरड्या वसंतात सुटणारे वारे उरलेली भुकटी उडवून नेत. गाळाच्या पट्ट्यात यातले काहीच घडले नाही, त्यामुळे समुद्राकडच्या जमिनीच्या तुलनेत आतली जमीन अधिकाधिक खाली जात राहिली. फेनमधील जुन्या, बुजलेल्या नद्यांचे गाळाने भरलेले पात्र आज शेतांच्या वर फिकट रंगाच्या लांबट उंचवट्यासारखे दिसते. आजूबाजूचा पीट खचला आणि न आकसणारा गाळ तेवढा वर राहिला. या उंचवट्यांना स्थानिक लोक ‘रॉडन’ म्हणतात, आणि शहाण्या शेतकऱ्याने घर बांधले ते त्यावरच, कारण पीटवर बांधलेली घरे कलतात.

आतली जमीन खाली जात असताना समुद्राकडचे तोंड वर येत होते. डेन्व्हरच्या दरवाजांमुळे त्याखालच्या पात्रात भरतीबरोबर आलेला गाळ परत वाहून जाईना, आणि पाण्याला बाहेर पडण्याची वाट दरवर्षी थोडी उथळ होत गेली. १७१३ साली ते दरवाजेच कोसळले आणि अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत पुन्हा उभे राहिले नाहीत. अशा दुहेरी कोंडीत सापडलेल्या शेतकऱ्याला आपल्या चरातले पाणी नदीत आपोआप जाणार नाही हे सतराव्या शतकाच्या शेवटच्या दशकांतच कळून चुकले होते. ते उचलून टाकावे लागणार होते, आणि उचलण्यासाठी या सपाट, झाडे नसलेल्या मुलखात भरपूर असलेली एकच शक्ती होती.

फेनमधील उपशाची पवनचक्की नेहमी एका ठरावीक जागी असे. शेतातले बारीक चर मोठ्या नाल्यात, तो नाला मुख्य चरात, आणि मुख्य चर जेथे नदीच्या बांधाला येऊन टेके तेथे पवनचक्की, अशी ती रचना होती. बांधणी बहुधा लाकडी आणि अष्टकोनी. खाली रुंद आणि वर निमुळती होत गेलेली, आडव्या फळ्यांनी मढवून त्यावर डांबर फासलेली. पीटवर विटांच्या मनोऱ्याचे ओझे पेलणारा पाया घालणे महाग पडे, म्हणून लाकूड. माथ्यावर होडी उपडी घातल्यासारखी टोपी असे आणि ती फिरवता येई. टोपीच्या मागून एक लांब सोट जमिनीपर्यंत उतरलेला असे. वारा बदलला की राखणदार तो सोट ढकलून किंवा चाकावर दोर गुंडाळून सगळा माथा वाऱ्याच्या तोंडाला आणी. चार पाती म्हणजे लाकडी जाळीच्या चौकटी, आणि त्यांवर जहाजाच्या शिडाचे कापड. पाती फिरली की टोपीतला आडवा आस फिरे, त्यावरचे मोठे दातेरी चाक मध्यभागीच्या उभ्या खांबाला फिरवी, आणि तो खांब तळाशी दुसऱ्या दातेरी चाकांच्या जोडीने पुन्हा आडव्या आसाला गती देई. हा आस भिंतीतून बाहेर जाई आणि त्याच्या टोकाला ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप होता ते उपशाचे चाक असे.

या चाकाला पोहरे नसत. त्याच्या परिघावर किंचित तिरप्या लाकडी फळ्या बसवलेल्या असत आणि ते जेमतेम त्याच्या जाडीइतक्याच रुंद अशा, वीटकामाच्या किंवा लाकडी नाळेत फिरे. एका बाजूला चराचे पाणी, दुसऱ्या बाजूला नदी, आणि मध्ये नाळेचा वर चढत जाणारा वक्र तळ. चाकाच्या फळ्या पाणी उचलत नसत, त्या ते या तळावरून वर ढकलून नेत. वरच्या टोकाला बिजागऱ्यांवर एक दार टांगलेले असे. पाण्याच्या रेट्याने ते उघडे, आणि वारा पडून चाक थांबले की नदीचे पाणी त्याला बाहेरून दाबून बंद करी, नाहीतर रात्रभरात उपसलेले सगळे परत शेतात आले असते. फळी आणि नाळेची भिंत यांत फट जितकी कमी तितके पाणी जास्त, म्हणून लाकूड फुगणे, झिजणे आणि जमीन खचून चक्कीच एका अंगाला कलणे या तिन्ही गोष्टींवर डोळा ठेवावा लागे. असे चाक आपल्या व्यासाच्या साधारण चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याइतकेच पाणी चढवू शकते. पंधरा-सोळा फुटांचे चाक म्हणजे चार-पाच फूट चढ, हे गणित पुढच्या सगळ्या कथेच्या मुळाशी आहे.

चक्की चालवणारा मनुष्य पुष्कळदा तिच्यातच राहत असे. खालच्या मजल्यावर एक चूल, एक बिछाना आणि बाजूने घरघरणारे लाकडी दाते असा तो संसार होता. मजुरी बेताची, पण चरातले ईल, बांधावरची बदके आणि थोडी परसबाग यांवर भागे. कामाचा हंगाम हिवाळा. पाऊस लागून चरांतले पाणी ठरलेल्या खुणेच्या वर आले की, दिवस असो वा रात्र, चक्की लावायची. एकेक पाते खाली आणून थांबवायचे, जाळीवर चढायचे, कापड उलगडून दोऱ्यांनी ताणायचे, मग पुढचे पाते. वारा किती यावर कापड पूर्ण पसरायचे, अर्धे की एक चिंचोळी पट्टी, हे ठरवायचे. वादळ अवचित वाढले तर ओले किंवा गोठून पत्र्यासारखे झालेले कापड गुंडाळण्यासाठी त्याच क्रमाने पुन्हा चढावे लागे, आणि तोवर माथ्यातल्या मोठ्या चाकाभोवतीचा लाकडी ब्रेक आवळून धरावा लागे. जोराच्या वाऱ्यात तो घासून तापे, आणि डांबर फासलेल्या लाकडी इमारतीत ठिणगी पडली तर पुढे काय होई ते सांगायला नको.

यंत्र म्हणून ही चक्की हॉलंडमध्ये आधीच पूर्णत्वाला गेलेली होती. फेनने तिच्यात फार काही सुधारले नाही. फेनच्या इतिहासात अधिक मोलाची आहे ती तिच्याभोवती उभी राहिलेली व्यवस्था, कारण पवनचक्की पाणी नाहीसे करत नाही, ती ते दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकते. एका जमीनदाराने चक्की उभारली की त्याचे पाणी नदीत जाई, नदी फुगे, बांध पाझरे, आणि खालच्या शेजाऱ्याचे शेत बुडे. मग शेजाऱ्यालाही चक्की उभारणे भाग पडे. १६६३ साली स्थापन झालेल्या बेडफर्ड लेव्हल कॉर्पोरेशनकडे, म्हणजे दक्षिण फेनच्या मुख्य नद्या आणि बांध सांभाळणाऱ्या संस्थेकडे, अशा खासगी चक्क्यांविरुद्ध गाऱ्हाणी येत आणि सुरुवातीला संस्थेची वृत्तीही चक्क्यांच्या विरोधातच होती. तिच्या मते निचऱ्याचे काम मुख्य कालव्यांनी व्हायला हवे होते. ते होत नाही हे मान्य करायला दोन पिढ्या गेल्या.

तोडगा निघाला तो पार्लमेंटच्या स्थानिक कायद्यांतून. १७२७ साली हॅडनहॅम येथील फेनसाठी अशा प्रकारचा पहिला कायदा झाला आणि पुढच्या काही दशकांत त्याच्या नमुन्यावर एकामागून एक निचरा विभाग अस्तित्वात आले. प्रत्येक विभागाला कमिशनर नेमलेले, त्यांना पवनचक्क्या बांधण्याचा, चर खोदण्याचा, कर्ज काढण्याचा आणि विभागातील प्रत्येक जमीनधारकाकडून एकरी कर वसूल करण्याचा अधिकार. चक्की ही एकेकट्या मालकाची वस्तू न राहता विभागाची सामायिक मालमत्ता झाली, आणि तिच्या पात्यांना कापड किती लागले, राखणदाराला किती दिले, चाकाच्या फळ्या कधी बदलल्या, हे हिशेबाच्या वह्यांत लिहिले जाऊ लागले. सामायिक कुरण गमावलेल्या त्याच प्रदेशात शंभर वर्षांनी सामायिक यंत्र आले. फरक इतकाच की कुरणावर गुरे असणाऱ्या प्रत्येकाचा हक्क होता आणि यंत्राच्या मंडळात मत मिळायला पुरेशी जमीन नावावर असावी लागे.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातच चक्क्यांची दाटी डोळ्यांत भरण्याइतकी झाली होती. डॅनियल डिफोने १७२० च्या दशकात छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात फेनमधील पाणी उपसणाऱ्या यंत्रांचे नवल केले असून, त्यांपैकी एक अर्ध्या तासात बाराशे टन पाणी फेकते आणि त्याला बारा पाती आहेत असे नोंदवले आहे. आकडा त्याला सांगितलेला होता, आणि सांगणाऱ्याने पाहुण्यासाठी हात थोडा सैल सोडला असावा. १७४८ साली मॅनिया गावाच्या दुरवस्थेवर लिहिणाऱ्या थॉमस नील याने एकट्या व्हिटलसीच्या हद्दीत पन्नासहून अधिक चक्क्या असल्याचे आणि मधल्या फेनमध्ये मिळून त्या अडीचशेच्या घरात असल्याचे म्हटले. त्याचा सूर कौतुकाचा नव्हता. इतक्या चक्क्या एकाच वेळी पाणी त्याच त्या नद्यांत ओतणार, नद्या ते वाहून नेऊ शकणार नाहीत, आणि जो सर्वांत गरीब किंवा सर्वांत खाली असेल तो बुडणार, ही त्याची तक्रार होती.

तिकडे जमीन खाली जातच होती. उभारणीच्या वेळी ज्या चक्कीला तीन फूट चढवावे लागे तिला एका पिढीनंतर चार, मग पाच फूट चढवावे लागू लागले. चाक खाली बसवून पाहिले, पण मग त्याच्या फळ्या वर नदीच्या पातळीपर्यंत पोहोचेनात. मोठे चाक बसवून पाहिले, पण ते मध्यम वाऱ्यात फिरेना. शेवटी हॉलंडमधला जुना उपाय आला : एकापाठोपाठ एक दोन चक्क्या. पहिली चरातले पाणी मधल्या एका उंच कालव्यात टाकी, दुसरी त्यातून नदीत. म्हणजे पूर्वी एका चक्कीत होणाऱ्या कामाला आता दोन चक्क्या, दोन राखणदार आणि दुप्पट कर लागू लागला. आणि त्या दोन्ही चालून जो निचरा होई त्याने पीट आणखी सुके, आणखी आकसे. पवनचक्की जितकी नीट चाले तितकी ती स्वतःच्या पायाखालची आणि स्वतःच्या चरातली पातळी खाली नेत होती. मूळ विधानातील विरोधाभास तो हा.

वाऱ्याचा लहरीपणा हे दुसरे संकट, आणि व्यवहारात तेच अधिक बोचे. हिवाळी पावसानंतर पूर्व इंग्लंडमध्ये अनेकदा थंड, स्तब्ध, धुक्याचे दिवस येतात. चर तुडुंब, पेरलेले शेत पाण्याखाली, आणि पाती हलत नाहीत, असे आठवडे काढावे लागत. वारा परत येई तोवर पीक कुजलेले असे. अठराव्या शतकाच्या अखेरीस, धान्याचे भाव चढले असताना, ही अनिश्चितता परवडेनाशी झाली. आर्थर यंगसारखे शेतीविषयक लेखक आणि जॉन रेनीसारखे अभियंते वाफेचा पुरस्कार करू लागले. पण कमिशनरांच्या मंडळांत बसणाऱ्यांना कोळशाचा खर्च दिसत होता आणि वारा फुकट होता, त्यामुळे निर्णय होण्यास आणखी वीस-पंचवीस वर्षे लागली.

फेनमधले पहिले वाफेचे उपसा-इंजिन १८१७ च्या सुमारास सटन सेंट एडमंड येथे बसले. १८२० च्या दशकात डीपिंग फेनसाठी पोड होल येथे ८० आणि ६० अश्वशक्तीची दोन इंजिने सुमारे पंचवीस हजार एकरांचा उपसा करू लागली, आणि त्यानंतर शंकेला जागा उरली नाही. या बदलाचा सर्वांत चांगला जपलेला दाखला केंब्रिज आणि एली यांच्या दरम्यान, जुन्या ऊझच्या काठी स्ट्रेदम येथे आहे. वॉटरबीच लेव्हल नावाच्या निचरा विभागाने १८३१ मध्ये बटरली कंपनीकडून ६० अश्वशक्तीचे इंजिन घेतले आणि चार पवनचक्क्यांचे काम त्या एकावर सोपवले. उपशाचे तत्त्व तेच राहिले, चाकही तेच, फक्त मोठे : सुरुवातीला २९ फूट व्यासाचे. ते पूर्ण गतीने मिनिटाला शंभरहून अधिक टन पाणी नदीत टाकू शके. कोळसा येई तो त्याच नदीतून, नावांच्या माळेने, आणि तो थेट काठावर उतरवला जाई. पवनचक्कीला नदीकाठ पाणी टाकण्यासाठी हवा होता, इंजिनाला तो जळण आणण्यासाठीही उपयोगी पडला. मात्र पीटने इंजिनालाही सोडले नाही. १८५० मध्ये चाक ३३ फुटांचे करावे लागले आणि १८९६ मध्ये ३७ फुटांचे. जो पाठलाग पवनचक्की हरली तोच पाठलाग इंजिन पुढे चालवत होते, त्याच्या अंगात बळ अधिक होते इतकेच. १९२० च्या दशकात तेथे डिझेल इंजिन आले.

पाठलागाचे मोजमाप एका खांबाने झालेले आहे. व्हिटलसी मिअर हे दक्षिण इंग्लंडमधील सर्वांत मोठे सरोवर १८५१ साली जमीनदार विल्यम वेल्स याच्या पुढाकाराने कोरडे करण्यात आले. त्यासाठी वापरलेला अ‍ॅपल्डचा केंद्रोत्सारी पंप, म्हणजे बंद कवचात वेगाने फिरणाऱ्या पात्यांनी पाणी बाहेर फेकणारा पंप, त्याच वर्षी लंडनच्या महाप्रदर्शनात मांडलेला होता. जमीन किती खचते ते पाहावे म्हणून होम या गावाजवळ पीटमध्ये, खालच्या चिकणमातीपर्यंत, एक लोखंडी खांब रोवून त्याचे टोक जमिनीच्या पातळीला आणले. दहा वर्षांतच त्याचा दीड मीटरच्या आसपास भाग उघडा पडला. आज तो सुमारे चार मीटर वर आलेला आहे आणि त्याच्या आसपासची जमीन समुद्रसपाटीपासून पावणेतीन मीटर खाली, म्हणजे ग्रेट ब्रिटनमधील सर्वांत सखल, आहे. पंधरा-सोळा फुटी चाकाच्या पवनचक्कीला येथे काय करता आले असते हे या आकड्यांवरून स्पष्ट होते.

पवनचक्क्या एकदम गेल्या नाहीत. काही विभागांनी इंजिन बसवल्यावरही त्या कोळसा वाचवण्यासाठी ठेवल्या. लहान, एकाकी शेतांवर तर नव्याही बांधल्या गेल्या. १८५२ च्या सुमारास केलेल्या एका अंदाजानुसार लिंकनपासून केंब्रिजपर्यंत एके काळी सुमारे सातशे असलेल्या चक्क्यांपैकी दोनशेवीसच्या आसपास शिल्लक होत्या. सोहॅम मिअर येथील एक मोठी चक्की विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत उभी होती; तीही पाडण्यात आली. त्या इतक्या पुरत्या नाहीशा का झाल्या याचे उत्तर पुन्हा मातीत आहे. शेजारच्या नॉरफोकमधील ब्रॉड्स या पाणथळ भागात उपशाच्या चक्क्या मुख्यतः विटांच्या होत्या, आणि पाती गेली, माथा गेला तरी विटांचे बुंधे राहिले. तेथे असे सत्तरेक अवशेष आजही मोजता येतात, आणि पर्यटन खात्याची चित्रे त्यांच्यावरच चालतात. फेनमधल्या लाकडी चक्कीला असे म्हातारपण मिळाले नाही. काम संपले की तिचे ओक आणि पाइन लाकूड लिलावात निघे आणि कोठाराच्या तुळयांना लागे. पायाचे खांब पीटमध्ये राहिले, आणि पीट सुकल्यावर तेही कुजले. नदीच्या बांधाला एखादा सरळ चर काटकोनात येऊन टेकतो आणि तेथे आता काहीच नाही, अशा जागा नकाशावर शोधल्या तर पुष्कळ सापडतात.

उरलेली एक छोटी चक्की विकेन फेन या राखीव पाणथळात आहे. ती १९१२ साली जवळच्या अ‍ॅडव्हेंचरर्स फेनवर पीट काढणाऱ्यांचे खड्डे कोरडे ठेवण्यासाठी बांधलेली होती आणि १९५६ मध्ये दुरुस्त करून राखीव क्षेत्रात हलवण्यात आली. विकेनचा पीट कधी पूर्ण सुकवला गेला नाही, त्यामुळे तो आजूबाजूच्या खचलेल्या शेतांपेक्षा वर राहिला आहे आणि त्याचे पाणी सतत खाली झिरपते. म्हणून ही चक्की तेथे पाणी बाहेर न टाकता राखीव क्षेत्रात आत चढवण्यासाठी वापरण्यात आली. या लहानशा चक्कीवरून अठराव्या शतकातील मोठ्या, राहत्या चक्क्यांची कल्पना करू नये, हे तिच्या छायाचित्रांखाली सहसा लिहिलेले नसते.

चक्क्यांपेक्षा त्यांच्यासाठी निर्माण झालेली मंडळे अधिक चिवट निघाली. बेडफर्ड लेव्हल कॉर्पोरेशन विसाव्या शतकाच्या आरंभी संपुष्टात आले, मुख्य नद्या वेगळ्या संस्थांकडे गेल्या, पण १९३० च्या जमीन निचरा कायद्याने स्थानिक विभागांना ‘अंतर्गत निचरा मंडळे’ म्हणून नवे रूप दिले. हॅडनहॅम, वॉटरबीच, स्वॉफहॅम, लिटलपोर्ट अशा जुन्या विभागांची नावे या मंडळांच्या पाट्यांवर अजून आहेत. विजेवर आणि डिझेलवर चालणारे त्यांचे पंप बहुतेक त्याच नद्यांत पाणी टाकतात, आणि त्यांचा खर्च शेतजमिनीवरील निचरा करातून, तसेच वस्तीच्या भागासाठी स्थानिक परिषदांकडून घेतलेल्या आकारातून भागवला जातो.